निसर्ग बघून घेईल, असं म्हणणाऱ्यांना

पावसाळा सरत आला की पाळीव प्राण्यांविषयी तीन वाक्यं हमखास कानावर पडतात. "पाऊस गेला, आता कसली काळजी?" हे पहिलं. "आमच्या गावच्या मोत्याला कधी सुई टोचली नाही, तरी पंधरा वर्षं जगला," हे दुसरं. आणि दिवाळी तोंडावर आली की तिसरं : "चार दिवसांचा तर प्रश्न आहे, होते फटाक्यांची सवय." तिन्हींच्या पोटात समजूत एकच आहे. जनावर म्हणजे निसर्गाचं लेकरू, त्याचं निसर्ग बघून घेईल, माणसाने लुडबुड केली की ते उगाच नाजूक होतं.

हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेकांच्या घरी कधी ना कधी कुत्रं होतं आणि त्यांचं त्याच्यावर प्रेमही होतं. तरीही समजूत चुकीची आहे आणि भाद्रपद ते कार्तिक या दिवसांत ती जनावराच्या जिवावर बेतते. ज्या निसर्गावर आपण हा भार टाकतो त्यात आपलं कुत्रं राहतच नाही. ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतं, आपल्या फरशीवर झोपतं, आपल्या फराळाच्या डब्यात तोंड घालतं आणि आपल्या सणांचा गोंगाट ऐकतं. शरदातली त्याची बहुतेक दुखणी आपल्या घराने आणि आपल्या गल्लीने त्याला दिलेली असतात. निसर्गाने ती निस्तरावीत कशी?

पाऊस गेला म्हणजे काळजी गेली, हे आपण स्वतःच्या बाबतीत तरी कुठे मानतो? आयुर्वेदाने शरदाला वैद्यांची आई म्हटलंय. या ऋतूत रोगी इतके वाढतात की वैद्याचं घर त्यावर चालतं, असा त्यातला टोमणा. पित्त खवळलंय म्हणून आपण तिखट कमी करतो, दुपारी बाहेर पडायचं टाळतो, ताक-कोकम काढतो. एवढी ऋतुचर्या पाळणारा माणूस सकाळी दहा वाजता, पावसाळ्यात जात होता त्याच वेळी, पगला साखळी लावून डांबरी रस्त्यावर नेतो. ढगांचं छत जाऊन आठवडा झालाय याचा त्याला पत्ताच नसतो.

ऑक्टोबर हीट माणसाला घामाने नकोसं करते, पण तोच घाम त्याला वाचवतोही. कुत्र्याला ती सोय नाही. त्याला घाम येतो तो जेमतेम पायांच्या गाद्यांना. बाकी सगळं अंग गार ठेवायचं ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून, श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून. मुंबई-कोकणात या दिवसांत हवा अजून दमट असते आणि दमट हवेत वाफ लवकर होत नाही. म्हणजे कोरड्या उन्हात निभावलेलं कुत्रं ऑक्टोबरात त्याहून कमी तापमानाला कोसळू शकतं. पग, शित्झू, बुलडॉग यांची नाकंच चपटी, त्यांचं धापा टाकण्याचं यंत्र मुळात अर्धवट. फिरायला नेण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात अंक मोजावेत. हात उचलावासा वाटला तर कुत्र्यानेही त्यावरून चालू नये. आणि उकडतंय म्हणून पॉमेरेनियनचं किंवा गोल्डन रिट्रीव्हरचं मुंडण करून आणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तो दुहेरी केसांचा थर उन्हालाही अडवतो. खालची लोकर विंचरून काढली की पुरते. मशीन फिरवलं की उघडी कातडी भाजते, आणि केस पुन्हा पहिल्यासारखे येतील याची खात्री नसते.

पण उन्हापेक्षा मोठा प्रश्न गोचिडांचा आहे आणि "निसर्ग बघून घेईल" या मताची खरी परीक्षा तिथे होते.

आपल्या शहरांत कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड हा घरात राहायला सरावलेला जीव आहे. गवतातून ती येते हे खरं, पण एकदा आली की तिला परत गवतात जायची गरज उरत नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेली, करडी, एरंडीच्या बीसारखी दिसणारी मादी कुत्र्याच्या अंगावरून खाली पडते आणि भिंतीची भेग, दाराच्या चौकटीची फट, पडद्याची शिवण शोधत वर चढते. तिथे ती हजारांच्या हिशेबात अंडी घालते, चार हजारांपर्यंतसुद्धा. त्यातून निघालेली पिल्लं इतकी बारीक असतात की तिळाचा दाणाही त्यांच्यापुढे मोठा. ती कुत्र्यावर चढतात, पितात, उतरतात, कात टाकतात, परत चढतात. असं तीनदा. ऊब आणि दमटपणा जोडीने असले की हा कारखाना जोरात चालतो. कुत्र्याच्या अंगावर आपल्याला दिसणारी गोचीड ही एकूण जमावातली थोडीच असते, बाकीच्या आपल्या सोफ्यामागे असतात. आता सांगा, हिला कोणता निसर्ग आवरणार? घरात पाल सोडली तर तिला खाणारं कोणी नाही, आणि पालही आपण झाडूने हाकलतो.

या गोचिडीच्या लाळेतून एर्लिकिया नावाचा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. दुसरा सोबती बबेसिया, तो तांबड्या पेशी फोडतो. गोचीड ताप म्हणतात तो यांचा. एर्लिकियात चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी कुत्रं मलूल होतं, ताप चढतो, जेवण सुटतं, रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. कधी नाकातून रक्त येतं, कधी पोटावर लाल-जांभळे ठिपके उठतात. बबेसियात हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद चहासारखी होते. वेळेवर रक्त तपासलं तर दोन्हींवर औषधं आहेत. एर्लिकियाला साधं डॉक्सीसायक्लिन, पण सुमारे चार आठवडे, न चुकता. तिसऱ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि घरचे गोळ्या थांबवतात. आजार मग आत दबा धरून बसतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जेवर उठतो.

निसर्गवाद्यांची घरगुती औषधं इथे पुढे येतात. लसूण खाऊ घाला, गोचिडी पळतात. राकेल चोळा. तंबाखूचं पाणी लावा. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात, हे पशुवैद्यकातलं जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. ज्या कुत्र्याच्या तांबड्या पेशी बबेसिया आधीच फोडतोय त्याला वर लसणाची मात्रा द्यायची, म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. राकेलाने कातडी सोलवटते, आणि कुत्रं चाटून ते पोटात घेतं. तंबाखूतलं निकोटिन विष आहे, ते कातडीतूनही शिरतं. हे सगळं "नैसर्गिक" म्हणून खपतं. धोतराही नैसर्गिकच असतो. ताप आलाय म्हणून स्वतःच्या डब्यातली पॅरासिटामॉल काढणाऱ्यांचाही एक पंथ आहे. मांजराला ती अर्धी गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते. कुत्र्याचं गोचीडनाशक मांजरावर थापणाऱ्यांचाही दुसरा पंथ आहे. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, झटके येऊन मांजर मरतं. डबीवर कुत्र्याचं चित्र काढलेलं असतं ते उगाच नाही.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मी मान्य करतो. गोचिडींवर हल्ली दिल्या जाणाऱ्या गोळ्या, महिन्याला एक किंवा तीन महिन्यांतून एक, अगदी निर्धोक आहेत असं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला होता की या गोळ्यांनी काही प्राण्यांना थरथर, तोल जाणं, झटके असे त्रास होऊ शकतात. ज्या कुत्र्याला आधीपासून फेफरं आहे त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच त्या द्याव्यात. पण हा वाद औषध कोणतं निवडायचं याचा झाला. "काहीच देऊ नका" याच्या बाजूने तो साक्ष देत नाही. आणि गोळी दिली तरी सोफा बाजूला सरकवून भेगा साफ करणं, बिछाना कडक पाण्यात धुणं चुकत नाही. रोज संध्याकाळी पाच मिनिटं बोटं फिरवावीत : कानाच्या आतल्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत, पायाच्या बोटांमधल्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. बोटांनी चिरडू नये, काडीने जाळू तर मुळीच नये. एर्लिकिया शिरायला काही तास पुरतात, म्हणून नुसत्या वेचण्यावर भिस्त ठेवता येत नाही हेही खरंच.

आता गावच्या मोत्याकडे वळू. मोत्या पंधरा वर्षं जगला यावर माझा विश्वास आहे. प्रश्न त्याच्या सात भावंडांचा आहे, ज्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकळ्या कुत्र्यांची ३६४ पिल्लं वाढताना पाहिली आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. वयात येईपर्यंत जगली ती १९ टक्के. मेलेल्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांशांच्या मरणात माणसाचा हात होता, कुठे गाडी, कुठे विष, कुठे नुसती उचलाउचल. "देशी कुत्र्याला काही होत नाही" हे वाक्य जे उरले त्यांच्याकडे बघून म्हटलं जातं. उरले नाहीत ते वाद घालायला येत नाहीत.

मोत्याच्या आठवणीत आणखी एक गाळलेली जागा असते, ती म्हणजे भाद्रपद. आपल्या भाषेत हा महिना कुत्र्यांच्या नावावर चढलेला आहे आणि त्यावरून माणसांना शिव्याही दिल्या जातात. लोकांचं निरीक्षण चूक नव्हतं. भारतातल्या मोकळ्या कुत्र्यांचा माजाचा काळ मुख्यतः पावसाळ्याच्या शेवटाला येतो, त्रेसष्ट दिवसांच्या गाभणकाळानंतर पिल्लं येतात ती थंडीच्या तोंडावर. पण शेजाऱ्यावर विनोद करण्यापलीकडे या ज्ञानाचा आपण काय उपयोग केला? याच आठवड्यांत घरचा शहाणा कुत्रा दार उघडं दिसताच सुटतो, दोन-दोन दिवस फिरकत नाही आणि कान फाटलेला, पाय लंगडत परत येतो. झुंडीतल्या भांडणात चावे बसतात, आणि रेबीज पसरतो तो चाव्यातूनच. समागमातून पसरणारी लिंगाची गाठ याच दिवसांची देणगी. महिन्या-दोन महिन्यांनी लघवीच्या जागेतून रक्त ठिबकायला लागतं तेव्हा घरच्यांना वाटतं मूतखडा असेल. व्हिनक्रिस्टिनच्या काही इंजेक्शनांनी ती गाठ बहुतेक वेळा बरी होते, पण ते कर्करोगाचं औषध, दर खेपेला रक्त तपासून द्यावं लागतं. नसबंदी केली असती तर यातलं बहुतेक टळलं असतं. "निसर्गाविरुद्ध कशाला जायचं?" असं इथे हटकून विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या हातात त्याच कुत्र्याची साखळी असते.

पिल्लं आली की पार्व्हो आणि डिस्टेंपर त्यांच्या मागोमाग येतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी आणलेलं दीड महिन्याचं पिल्लू लस व्हायच्या आत सोसायटीच्या बागेत फिरवायचं आणि चौथ्या दिवशी रक्ताची हगवण लागली की दुकानदाराला दोष द्यायचा, हा आता रिवाजच होऊन बसलाय. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. त्या पुऱ्या होईपर्यंत पिल्लाचे पाय इतर कुत्र्यांच्या वाटेवर पडू देऊ नयेत.

आणि तिसरं वाक्य. सवय होते.

सवय होत नाही. उलट पुष्कळ कुत्र्यांत दरसाल भीती वाढत जाते. पहिल्या वर्षी नुसतं दचकणारं कुत्रं तिसऱ्या वर्षी आकाशकंदील दिसला तरी पलंगाखाली जातं, कारण कंदिलामागून काय येतं हे त्याला एव्हाना कळलेलं असतं. सवय व्हायला आवाज हलका, ठरावीक आणि निरुपद्रवी वाटणारा असावा लागतो. सुतळी बॉम्ब यांतला कोणताच गुण पाळत नाही. माणसाला वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास, मांजराला चौसष्ट हजारांपर्यंत. भुईनळ्याची जी शिट्टी आपल्याला सुरेख वाटते तिचा वरचा अर्धा भाग आपल्या कानांच्या नशिबीच नाही, तो त्यांच्या वाट्याला जातो. शिवाय दिवाळीचे चार दिवस हा हिशेबही खोटा. दहीहंडीच्या स्पीकरपासून मोजायला लागा : गणपतीचा डीजे, नवरात्रीचा गरबा, दसऱ्याची मिरवणूक, दिवाळी आणि वर तुळशीच्या लग्नाची आतषबाजी. सुमारे अडीच महिने जनावर कान टवकारून बसलेलं असतं. सण बंद करा असं कोणी म्हणत नाही. ढोल-ताशा मलाही आवडतो. पण आवडणारा मी आहे, आणि मी दमलो की घरी जाऊ शकतो.

या प्रकरणात सगळ्यांत पसरलेला सल्ला कोणता असेल तर : "घाबरलं तरी जवळ घेऊ नका, लाड केले की भीती वाढते." हे आपल्याकडच्या शिस्तप्रिय वडिलांना फार पटतं. पण भीती म्हणजे काही खाऊसाठी केलेली चेष्टा नव्हे, की बक्षीस मिळालं म्हणून पुन्हा करावी. ती भावना आहे, आणि भावना आधाराने उतरते. बर्न विद्यापीठातल्या स्टेफानी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या हजारांहून अधिक मालकांना कोणता उपाय लागू पडला हे विचारून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक धमाक्यानंतर लगेच आवडीचा खाऊ देणं किंवा खेळणं, हा साधा उपाय कुत्र्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांना उपयोगी पडल्याचं मालकांनी सांगितलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं त्याच्या जवळपास होती. सुगंधी तेलं, जडीबुटीचे थेंब वगैरे खूप मागे. तेव्हा कुत्रं मांडीत शिरत असेल तर शिरू द्यावं. ते न्हाणीघरात बादलीमागे बसत असेल तर ओढून बाहेर काढू नये, तिथेच एक सतरंजी टाकावी.

झोपेची गोळी हा दुसरा घोळ. अनेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुत्र्याला कसलीशी गोळी दिली जाते आणि ते निपचित पडलं की "शांत झालं" म्हणतात. एसप्रोमॅझिनसारखं औषध अंग ढिलं करतं, भीती कमी करत नाही. काही कुत्र्यांत तर त्याने आवाजाचं दचकणं वाढतं. म्हणजे धमाके सगळे ऐकू यायचे आणि पळता मात्र यायचं नाही, अशी अवस्था. घरच्यांना शांतता मिळाली, कुत्र्याला काय मिळालं? भीतीच कमी करणारी वेगळी औषधं आता आहेत, पण ती मात्रा ठरवून, शक्यतो एकदा आधी देऊन बघून वापरायची असतात. त्यासाठी डॉक्टरकडे जायचं ते घटस्थापनेच्या सुमाराला. धनत्रयोदशीला रात्री फोन करून काही साधत नाही. त्याच फेरीत गळ्यात पत्ता-फोन लिहिलेला बिल्ला आहे का हेही बघून घ्यावं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात "हरवले आहे" च्या चिठ्ठ्या विजेच्या खांबांवर किती चिकटतात हे ज्याने पाहिलंय त्याला कारण सांगावं लागत नाही.

"आता तर हरित फटाके आलेत," असं उत्तर येतं. हरित फटाक्यांची कल्पना आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेतून आली आणि त्यातून धुळीचे कण सुमारे तीस टक्के कमी निघावेत हा तिचा मुख्य हेतू. ती हवेसाठी केलेली सुधारणा आहे, कुत्र्याच्या कानासाठी नव्हे. कायदा चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा घालतो, म्हणजे कायदेशीर फटाकाही कानठळ्या बसवणारा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ आखून दिली. ती वेळ आपल्या गल्लीत कितपत पाळली जाते हे वाचकाने आपल्या खिडकीतून पाहिलेलं आहेच. आणि भटक्या कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणाऱ्या पोरांना "जाऊ दे, पोरं आहेत" म्हणणाऱ्यांनी १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा वाचावा. तो गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. लवंगी फटाक्यांचा पुडासुद्धा आता त्याहून महाग मिळतो.

फराळाबद्दल थोडक्यात. चकलीचा तुकडा, शंकरपाळे, "एवढंसं काय होतंय" म्हणत दिलेलं तळण स्वादुपिंडाला सूज आणू शकतं, आणि त्या दुखण्यात कुत्रं पोट आत ओढून, पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून उभं राहतं. चॉकलेटचं बहुतेकांना माहीत असतं. बेदाण्याचं नसतं. द्राक्ष-बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला निकामी करू शकतो, आणि कोणत्या कुत्र्याला किती मात्रा बाधेल याचा अंदाज करता येत नाही. तासगावचा बेदाणा आपल्या चिवड्यात पडतो, शिऱ्यात पडतो, आणि बेसनाच्या लाडवाच्या डोक्यावर तर बोटाने दाबून बसवलेला असतो. मुलाच्या हातून जमिनीवर सुटलेला लाडू कुत्र्याआधी उचलायचा, एवढीच काळजी पुरेशी आहे.

विरुद्ध टोकाच्या मंडळींनाही सोडून चालणार नाही. शहरोशहरी कुत्र्याच्या छत्र्यांसारखी पेट शॉप उगवली आहेत आणि त्यांना शरद म्हणजे स्वेटरचा हंगाम वाटतो. परदेशी सल्ल्यांची तिथे भाषांतरं चिकटवलेली असतात : पडलेली पानं, भोपळा, गारठा. ठाण्यात ऑक्टोबरात गारठा? पुण्या-नाशकात पहाटे हवा बदलते, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात, त्याला फरशीऐवजी गोधडी हवी, हे बरोबर. पण लॅब्रेडॉरला जरीचा कुर्ता घालून दिव्यांच्या रांगेत फोटोला उभं करणं, ही त्याची काळजी नव्हे. कुर्त्याआड गोचीड दिसत नाही, उकाडा वाढतो आणि शेपटी पणतीजवळ असते. "निसर्ग बघून घेईल" म्हणणारा जनावराकडे बघत नाही, आणि हौशी माणूस त्याच्यात स्वतःला बघतो.

राहता राहिला तो शेवटचा, नैतिक उंचीवरून केलेला आक्षेप : "माणसांना औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांचे चोचले पुरवता." हा आक्षेप घेणाऱ्याने २६ जुलै २००५ नंतरची मुंबई आठवावी. पूर ओसरला आणि लेप्टोची साथ आली. उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात, पाण्यातून पायाच्या चिरेतून शरीरात, असा त्या जिवाणूचा प्रवास. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही डबकी भरून जातो आणि त्या डबक्यांतून पहिल्यांदा चालतं ते कुत्रं. त्याला लागण झाली की त्याच्याही लघवीतून जिवाणू बाहेर पडतात, आपल्याच फरशीवर. लेप्टोची लस वर्षातून एकदा देतात. ती सगळ्या उपप्रकारांना पुरी पडत नाही, तरी द्यावी. रेबीजचं तर सांगायलाच नको : माणसांतले जवळजवळ सगळे रेबीज कुत्र्याच्या चाव्याने होतात आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. वर्षाकाठच्या सुईला लागणारे काही शे रुपये चोचल्यांत मोजायचे असतील, तर चावलेल्या मुलासाठी रात्री रेबीजची सुई शोधत दवाखाने पालथे घालणाऱ्या बापालाही तो हिशेब एकदा विचारून पाहावा.